वर्गाबाहेरचा तास

शाळेत असताना सामाजिक शास्त्रे हा विषय आपण सर्वांनीच शिकलो. इतिहासाचे पुस्तक निराळे, भूगोलाचे निराळे आणि नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला बांधलेले. सनावळ्या पाठ करायच्या, नकाशात नद्या भरायच्या, कारणे द्या, जोड्या जुळवा, आणि पेपर संपला की सगळे तिथेच सोडून यायचे. गणितात नापास होण्याची भीती असते, इंग्रजीची लाज वाटते. या विषयाचे मात्र कुणाला भयही नाही आणि प्रेमही नाही. हा विषय मुळात असतो कशासाठी, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही. तो पडला साने गुरुजींचे चरित्र वाचताना, आणि तेही ‘श्यामची आई’ बाजूला ठेवल्यावर.

गुरुजी म्हटले की आपल्यापुढे ‘श्यामची आई’ उभी राहते. आचार्य अत्र्यांनी त्या पुस्तकावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या यशात एक नुकसानही झाले असे मला वाटते. गुरुजी म्हणजे सदा डोळे पुसणारे, हळवे, आईची आठवण काढणारे, असे एक चित्र कायमचे पक्के झाले. काही विद्वान तर त्यांचा उल्लेख करताना ओठांच्या कोपऱ्यात हसतात. त्यांनी सहा वर्षे खानदेशातील एका माध्यमिक शाळेत मुलांना शिकवले, आणि पुढचे सारे आयुष्य जणू त्या सहा वर्षांचाच विस्तार होता, ही गोष्ट या चित्रात हरवून जाते. हा लेख त्या शिक्षकाविषयी आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे. परंतु त्यांना कळू लागेपर्यंत खोतीचे वैभव सरले होते आणि कर्ज मात्र उरले होते. दापोलीच्या मिशन हायस्कुलात काही वर्षे शिक्षण झाले. पुढे घरची ओढाताण पाहवेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून ते औंध संस्थानात गेले. अनोळखी गाव, हाताने स्वयंपाक, अर्धे पोट. तिथे प्लेग आला आणि शाळा सुटली. मग पुण्यास नूतन मराठी विद्यालय. १९१७ साली आई वारली, तेव्हा हा मुलगा तिच्याजवळ नव्हता, शिक्षणासाठी लांब होता. १९१८ साली मॅट्रिक, १९२२ साली बी. ए., आणि नंतर तत्त्वज्ञान घेऊन एम. ए.

हा भाग मी चार ओळींत उरकला, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. तरी त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. शिकण्यासाठी ज्याला गाव सोडावे लागते, दुसऱ्याच्या गावात परक्यासारखे राहावे लागते, पैशाअभावी शाळा बदलावी लागते, त्याला पुढे शिक्षक झाल्यावर वर्गातल्या मागच्या बाकावरचा मुलगा आधी दिसतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्यामुळे हे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो, एवढेच सांगतो.

एम. ए. च्या सुमारास गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. प्रतापशेठजींनी स्थापन केलेली ही संस्था त्या काळी मोठी नावाजलेली होती. वेदान्ताचा सखोल अभ्यास करून पंडित व्हावे, अशी सर्व अनुकूलता होती. पण तिथे त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते त्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. ब्रह्म सत्य की जगत मिथ्या याचा निकाल त्यांनी बोरी नदीच्या काठच्या त्या शाळेत आपल्यापुरता लावून टाकला असावा.

त्या वेळचा खानदेश कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. कापसाचा प्रदेश, एखादी गिरणी, रेल्वेची वाट, आणि आजूबाजूला मैलोगणती खेडी. खेड्यात चौथी झाली की शिक्षण संपले. ज्याला पुढे शिकायचे त्याने अमळनेर, धुळे, जळगाव अशा गावी येऊन राहायचे. शेतकऱ्यांची ही मुले शाळेच्या छात्रालयात राहत. आईवेगळी, घाबरलेली, अहिराणीत बोलणारी, पुस्तकी मराठीला बिचकणारी. गुरुजी त्यांचे छात्रालयप्रमुख झाले.

तेथे त्यांनी काय केले, याच्या कथा पुष्कळ आहेत. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, आजारी मुलाचे कपडे धूत. मुलांना आधी संकोच वाटला, मग लाज वाटली आणि मग ती स्वतःच आपली खोली झाडू लागली. शिक्षा कुणालाच झाली नाही. श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर आपण आजवर किती निबंध लिहिले असतील! गुरुजींनी तो धडा केरसुणीने शिकवला. एवढे मात्र म्हटले पाहिजे की, केवळ सेवा करणारा प्रेमळ मास्तर एवढेच त्यांचे रूप असते तर मी हा लेख लिहिला नसता. प्रेमळ मास्तर बऱ्याच शाळांत असतात.

विशेष होते ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक. हे छापील नव्हते. गुरुजी पहाटे उठत, कागद घेऊन आपल्या हाताने लिहून काढीत आणि मुलांना वाचण्यासाठी लावून ठेवीत. दुसऱ्या दिवशी नवा अंक. थोर पुरुषांच्या गोष्टी, इतिहासातले प्रसंग, देशात चाललेल्या घडामोडी, नव्या पुस्तकांची ओळख, परदेशातले वृत्त असे सारे त्यात येई. ज्या घरांतून ही मुले आली होती तिथे वर्तमानपत्र म्हणजे दुकानदाराने पुडी बांधून दिलेला कागद. अशा मुलांना रोज सकाळी कुणी तरी जग उघडून दाखवीत होते. जे दाखवले जाई ते क्रमिक पुस्तकातले नव्हते. क्रमिक पुस्तकातला इतिहास हा सरकारच्या मर्जीतला इतिहास होता. त्यात व्हाइसरॉयांची यादी असे, आणि मुलांच्या बापाला सारा का भरावा लागतो याचे उत्तर नसे.

पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे छापील मासिक सुरू केले. एका छात्रालयापुरता असलेला तास आता इतर गावांच्या मुलांपर्यंत पोचू लागला. याच वर्षांत त्यांनी चरित्रेही लिहिली. नामदार गोखल्यांचे चरित्र लिहिले, ईश्वरचंद्र विद्यासागरांचे लिहिले. यांची निवडही पाहण्यासारखी आहे. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते आणि ते नामंजूर झाले होते. विद्यासागरांनी विधवांच्या पुनर्विवाहासाठी आपले पांडित्य पणाला लावले होते. मराठी मुलाने बंगालच्या माणसाचे चरित्र का वाचावे? कारण देश हा नकाशातल्या रंगांपेक्षा मोठा असतो, हे कुठे तरी कळावे लागते. पुढे त्यांनी हेन्री थॉमस या लेखकाच्या ग्रंथावरून ‘मानवजातीची कथा’ लिहिली, इस्लामी संस्कृतीवर आणि पैगंबरांच्या जीवनावर लिहिले, ‘भारतीय संस्कृती’ लिहिले. पुस्तकांच्या कपाटात ही सर्व निरनिराळ्या खणांत ठेवली जातात. मला ती एकाच विषयाची पाठ्यपुस्तके वाटतात, आणि तो विषय कोणत्याही वेळापत्रकात नव्हता.

१९३० साल उजाडले. मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले. आता गुरुजींसमोर मोठा पेच होता. रोज पहाटे ज्या मुलांना देशासाठी झिजलेल्यांच्या गोष्टी लिहून दाखवल्या, त्यांना आता काय सांगायचे? चळवळ चालू आहे, पण माझे तास आहेत, म्हणून मी इथेच थांबतो, असे सांगायचे? अनेक शिक्षकांनी तसे केले आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पगारावर घर चालते. गुरुजींनी राजीनामा दिला. मुले रडली असतील, पण त्यांना त्या दिवशी जो धडा मिळाला तो आधीच्या सर्व अंकांपेक्षा मोठा होता. मला मात्र दुसरीही बाजू दिसते. छात्रालयातल्या त्या मुलांना असा शिक्षक पुन्हा मिळाला का? देशाला एक सत्याग्रही मिळाला, शाळेने एक मास्तर गमावला. या व्यवहारात नफा किती आणि तोटा किती हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच वर्षी मे-जून महिन्यांत आपल्या सोलापुरात लष्करी कायदा लागू होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. चार माणसांच्या चार नावांत किती भाषा, किती धर्म आणि किती धंदे आहेत, हे एकदा थांबून वाचावे. सोलापूरच्या मुलाला सामाजिक शास्त्र शिकवायचे तर त्या चौकापासून आरंभ करता येईल.

गुरुजींना पकडून आधी धुळ्याच्या आणि नंतर दूर तमिळ मुलखातल्या त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले. तिथे दक्षिणेकडील राजबंदी होते. कुणी तमिळ, कुणी तेलुगू, कुणी कन्नड, कुणी मल्याळी. एकाच देशासाठी सर्व जण तुरुंगात आलेले, पण एकमेकांशी मनातले बोलायला इंग्रजी लागे. हे गुरुजींना बोचले. ते तमिळ शिकू लागले आणि पुढे ‘कुरल’ हा प्राचीन तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. प्रांताप्रांतांतल्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांचे साहित्य वाचावे, यासाठी एखादी संस्था असावी, हे आंतरभारतीचे स्वप्न इथेच रुजले.

सोलापुरात राहणाऱ्याला हे स्वप्न फार लांबचे वाटत नाही. पूर्व भागात शिरले की मागाच्या खडखडाटात तेलुगू ऐकू येते. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजामागे चालणाऱ्यांत कन्नड ऐकू येते. बाजारात दख्खनी उर्दू आणि शाळेत मराठी. एकाच बाकावर बसणारी तीन मुले घरी गेल्यावर तीन भाषांत जेवतात. तरी एकमेकांच्या भाषेतले शंभर शब्दही आपल्याला येत नाहीत, आणि जे येतात ते बहुधा शिव्यांचे असतात. त्रिचनापल्लीत गुरुजींना जे करायला तुरुंगात जावे लागले ते आपल्याला गल्ली ओलांडून करता आले असते. असो.

१९३२ साली पुन्हा तुरुंग. धुळ्यास विनोबा गीतेवर प्रवचने देत आणि गुरुजी ती झरझर लिहून घेत. ती प्रवचने आज आपल्याला वाचायला मिळतात ती त्यांच्या लेखणीमुळे. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले, त्यासाठी त्यांनी खानदेश पालथा घातला. १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. शेतकऱ्यांचे पीक बुडाले तेव्हा साऱ्यात सूट मिळावी म्हणून ते झगडले, गिरणीकामगारांच्या बाजूने उभे राहिले. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले, पुढे पकडले गेले. ही सारी वर्षे धावपळीची आहेत. त्यांचे सविस्तर वर्णन इतरांनी केले आहे. मी आता आपल्या जिल्ह्यात येतो.

पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात आहे. विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्यातले. गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून ते गेले असे सांगतात. हयातीत देवळात शिरता आले नाही आणि समाधीही दाराबाहेरच राहिली. वारकरी आधी त्या समाधीला हात लावतात आणि मग आत जातात. शतकानुशतके हे असेच चालले होते: चोखोबांच्या अभंगावर डोलायचे आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला पायरीवर थांबवायचे. भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र यांचा इतका स्पष्ट धडा दुसरीकडे कुठे लिहिलेला असेल, असे मला वाटत नाही. प्रत्येक आषाढीला लाखो लोक तो पाहत होते आणि कुणाला दिसत नव्हता.

१९४६ च्या अखेरीस गुरुजींनी ठरवले की पांडुरंगाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी प्राणांतिक उपोषण करायचे. देश स्वतंत्र होणार हे तेव्हा दिसू लागले होते. दिल्लीत सत्ता कुणाच्या हाती जाणार, याच्या वाटाघाटी चालल्या होत्या. अशा वेळी हा माणूस एका देवळाच्या दाराकडे पाहत होता. सहकाऱ्यांनी आग्रह धरला की आधी लोकमत तयार करा. गुरुजींनी ते मानले. मग काही महिने त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते, राष्ट्र सेवा दलाची मुले गाणी आणि पोवाडे घेऊन पुढे जात. गावोगाव सभा झाल्या, कित्येक ठिकाणी विहिरी आणि देवळे खुली झाली. अमळनेरच्या छात्रालयात भिंतीवर लागणारे दैनिक आता चावडीपुढे लागले होते, असे म्हटले तरी चालेल.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. सनातनी मंडळी विरोधात होती. गांधीजींपर्यंत वेगळीच माहिती पोचली होती आणि त्यांनी तारेने उपोषण सोडण्यास कळवले. ज्या गांधींसाठी शाळा सोडली त्यांचाच हा आदेश. गुरुजी डगमगले नाहीत. आपले म्हणणे त्यांनी नम्रपणे कळवले आणि उपोषण चालू ठेवले. गुरुजींना जे निव्वळ हळवे समजतात त्यांनी हे दहा दिवस नीट वाचावेत. दादासाहेब मावळणकर मध्यस्थीस आले, बडवे मंडळींशी बोलणी झाली, आणि मंदिर हरिजनांना खुले करण्याची संमती मिळाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. पुढे कायद्याचे सोपस्कार झाले आणि दार खरोखर उघडले.

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाणे बरे नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून सत्याग्रह केला, त्यात अनुयायांनी मार खाल्ला, आणि १९३५ साली येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा करून ती वाटच सोडली. शिक्षण, नोकरी आणि राजकीय सत्ता यांपुढे मंदिरप्रवेश ही गौण गोष्ट आहे, असे त्यांचे मत झाले होते. मग १९४७ साली दार उघडून कुणाला काय मिळाले? ज्यांना प्रवेश मिळाला त्यांतल्या पुष्कळांना तो नकोसा झाला होता. आमच्या वर्गातही हा वाद झाला आहे आणि आक्षेप घेणाऱ्या मित्राचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. मला वाटते ते इतकेच की, गुरुजींचा तो तास दलितांसाठी नव्हताच. त्यांना काय शिकायचे ते बाबासाहेबांनी शिकवले होते. गुरुजींचा वर्ग होता तो आत उभ्या असलेल्यांचा. उपाशी राहून त्यांनी सवर्णांना एक प्रश्न घातला आणि उत्तर येईपर्यंत वर्ग सोडला नाही. अमळनेरला मुलांच्या खोल्या झाडल्या ती रीत आणि ही रीत यांत मला फरक दिसत नाही. मुलांना लाज वाटायला काही दिवस लागले, समाजाला थोडे अधिक लागले. पूर्ण वाटली असेही नाही.

नंतरची तीन वर्षे दुःखाची आहेत. स्वातंत्र्य आले ते फाळणी घेऊन. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला, आणि खुनी मराठी असल्याची वेदना गुरुजींना सहन झाली नाही. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही पुण्याहून निघते. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी पैसे जमवण्यास ते हिंडू लागले. पैसे फारसे जमले नाहीत.

या शेवटच्या काळात ते आपली पुतणी सुधा हिला पत्रे लिहीत. ती ‘साधने’त छापून येत आणि नंतर ‘सुंदर पत्रे’ या नावाने प्रसिद्ध झाली. पाने, फुले, पाखरे, पाऊस, एखाद्या देशातली घटना, एखाद्या थोर माणसाची आठवण, कोकणातले दिवस, सगळे त्यांत आहे. शाळा सोडून वीस वर्षे झाली होती, छात्रालय कधीच मागे पडले होते, पण पहाटे उठून मुलांना जग सांगण्याची सवय गेली नव्हती. मोठी माणसे निराश करीत तेव्हा ते मुलांकडे वळत. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय पन्नास.

माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेला मुदलियार आयोग १९५२ साली कामाला लागला. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र करून सामाजिक अभ्यास नावाचा विषय प्रत्येक मुलाला शिकवावा, अशी शिफारस त्याने केली. शाळांतून तो विषय आला, पुस्तके छापली गेली, आणि आपण जोड्या जुळवू लागलो.